ग्रुप काढणारे सगळे, बंद करणारा कोण?

परवा माझा भाचा सुट्टीला गावी आला होता. पुण्यात हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, पोराची नोकरी आहे. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. सहज म्हटलं, "काय रे, रात्री अकरालाही लॅपटॉप उघडाच. एवढं काय काम असतं?" तर म्हणाला, "मामा, काम थोडंच असतं. काम कुठं ठेवलंय ते शोधण्यात दिवस जातो."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं स्क्रीन फिरवून दाखवली. ऑफिसचं काम ज्या टीम्स नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्यात हा पठ्ठ्या ५७ ग्रुपमध्ये. त्यातले तीन एकाच प्रोजेक्टचे. एकाचं नाव नुसतं प्रोजेक्टचं, दुसऱ्याचं त्याच नावापुढे 'न्यू', तिसऱ्याचं 'न्यू फायनल'. गेल्या महिन्यात यानं ग्राहकाला दरपत्रक पाठवलं ते 'न्यू'मधून. खरं दरपत्रक 'न्यू फायनल'मध्ये होतं. शब्द खाल्ले यानं, वर्षाच्या मूल्यमापनात शेराही आला.

मी विचारलं, "तो 'न्यू' ग्रुप काढला कोणी?"

"दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसानं."

"मग बंद का नाही केला?"

"बंद करायचं कोणी, मामा? मालकच नाही त्याला."

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतली पोरं-पोरी आज अशाच कंपन्यांत आहेत. त्यांच्या डोक्याला जो ताप आहे तो आला कुठून, हे शोधायला बसलो, तर पन्नास वर्षांचा इतिहास निघाला. तो जमेल तसा मांडतो. लांब आहे, पण वाचा.

सुरुवात कागदापासून करू. जुन्या कचेरीत नवी फाइल उघडायची तर आवक-जावक नोंद लागायची, क्रमांक लागायचा, रेकॉर्ड सांभाळणारा कारकून लागायचा. फाइल उघडणं कटकटीचं होतं, म्हणूनच फायली मोजक्या होत्या. कंपन्यांत संगणक आले तेही याच चालीनं. मोठं यंत्र एका थंड खोलीत, त्याची किल्ली संगणक विभागाकडे. तुम्हाला एक साधा अहवाल हवा असेल तर अर्ज करा आणि थांबा. आठवडा, महिना, कधी त्याहून जास्त.

ही मक्तेदारी मोडली ती दोन गोष्टींनी. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिसिकॅल्क नावाचं हिशेबाच्या तक्त्याचं सॉफ्टवेअर आणलं, ॲपलच्या छोट्या संगणकावर चालणारं. आणि १९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला. हिशेब खात्याचा, विक्री खात्याचा साहेब आपल्या खात्याच्या खर्चातूनच यंत्र आणायला लागला. संगणक विभागाला विचारलंच नाही. आज ज्याला 'शॅडो आयटी' म्हणतात, म्हणजे अधिकृत विभागाच्या पाठीमागे चाललेला संगणकाचा कारभार, त्याची मुळं इथं आहेत. लोक काही नियम मोडायच्या हौसेनं तिकडे गेले नव्हते. दारात रांग होती, म्हणून त्यांनी खिडकी शोधली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

पुढचा टप्पा १९८९. रे ओझी आणि त्यांच्या आयरिस असोसिएट्स या छोट्या कंपनीनं तयार केलेलं लोटस नोट्स बाजारात आलं. त्याची कल्पना इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या संगणक व्यवस्थेवरून सुचलेली. तिथं १९७३ पासूनच लोक एकमेकांसाठी नोंदी लिहून ठेवत होते. नोट्समध्ये एका खात्याची माणसं एका सामायिक 'डेटाबेस'वर काम करू शकत. प्राइस वॉटरहाउस या हिशेब तपासणाऱ्या बड्या कंपनीनं सुरुवातीलाच दहा हजार परवाने घेतले. १९९५ मध्ये आयबीएमनं लोटस कंपनी ३५० कोटी डॉलरला विकत घेतली, यावरून त्या काळी या गोष्टीला किती भाव होता ते कळेल.

नोट्सचं मोठेपण काय, तर संगणकाची पदवी नसलेला माणूसही थोडं शिकून आपल्या खात्यापुरता डेटाबेस बनवू शकायचा. आणि अडचण काय, तर तीच. खात्याखात्यात डेटाबेस उगवले. रजेच्या अर्जाचा वेगळा, गाडीच्या नोंदीचा वेगळा, दिवाळीच्या मिठाईच्या यादीचाही वेगळा. बनवणारा बदलून गेला की तो डेटाबेस तसाच पडून. पुढे जेव्हा कंपन्यांना नोट्स सोडून दुसरीकडे जायचं होतं, तेव्हा पहिलं काम हेच निघालं की या हजारो डेटाबेसपैकी जिवंत कुठले आणि मेलेले कुठले ते ठरवा. घर बदलताना माळ्यावरचं सामान खाली काढावं, तसलं काम.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं शेअरपॉइंट आणलं. खात्यासाठी, प्रोजेक्टसाठी कंपनीच्या आतली छोटी वेबसाइट, तिच्यात फायली, याद्या, चर्चा. त्यात प्रशासकाला एक सोय चालू करता यायची. कर्मचाऱ्यानं स्वतःच फॉर्म भरायचा आणि स्वतःची साइट तयार करायची. आज ज्याला 'सेल्फ-सर्व्हिस' म्हणतात तीच ही गोष्ट.

आता गंमत ऐका. त्याच काळातल्या शेअरपॉइंटमध्ये आणखी एक सोय होती. ठरावीक दिवसांनी साइटच्या मालकाला मेल जायची, 'ही साइट अजून वापरात आहे का?' त्यानं होय म्हटलं तर ठीक. पुन्हा पुन्हा विचारूनही उत्तर आलं नाही, तर प्रशासकानं तशी परवानगी दिली असल्यास साइट आपोआप पुसली जायची. म्हणजे रोग आणि औषध जवळपास एकाच वेळी आले होते. पण औषधाची बाटली बंद होती. ती सोय आपण होऊन चालू करावी लागायची, आणि बहुतेक ठिकाणी ती चालू करायची हिंमत कोण करणार? उद्या साहेबाची साइट पुसली गेली तर बोलणी कोण खाणार? त्यापेक्षा राहू दे पडून. डिस्क स्वस्त झाली होती.

हे असं वाढत गेल्यावर कंपन्यांनी दुसरं टोक गाठलं. साइट बनवायची सोयच बंद. हवी असेल तर आयटी विभागाकडे तिकीट टाका, वरिष्ठांची मंजुरी आणा, मग बघू. तिकीट म्हणजे आपल्याकडचा अर्जच, फक्त त्याला नंबर असतो. पुन्हा दारात रांग लागली. मग काय झालं? तेच. लोकांनी खिडकी शोधली.

यावेळी खिडक्या भरपूर होत्या. ॲमेझॉननं २००६ पासून संगणकाची ताकद भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती, कार्ड असेल तर बसल्या जागी सर्व्हर मिळायचा. फायली ड्रॉपबॉक्सवर जाऊ लागल्या. २०१३ मध्ये स्लॅक आलं. एका बंद पडलेल्या ऑनलाइन खेळाच्या कंपनीनं आपल्या कामासाठी केलेलं चॅटचं साधन, तेच पुढे धंदा झालं, आणि सेल्सफोर्सनं ते सुमारे २,७७० कोटी डॉलरला घेण्याचा सौदा केला. आणि या सगळ्यांच्या वरताण म्हणजे व्हॉट्सॲप, ते तर प्रत्येकाच्या खिशात.

दार बंद ठेवून काय होतं याची किंमत अमेरिकेतल्या बँकांनी मोजली. शेअर बाजाराच्या धंद्यातल्या कंपन्यांना कामाचं बोलणं जपून ठेवणं तिथं कायद्यानं बंधनकारक आहे. बडे अधिकारी मात्र व्हॉट्सॲपवर आणि खासगी मेसेजवर कामाचं बोलत होते. डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गनला दोन नियामकांनी मिळून २० कोटी डॉलरचा दंड केला. सप्टेंबर २०२२ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या इतर बड्या कंपन्यांवर असाच बडगा आला, तो सगळा मिळून सुमारे १८० कोटी डॉलरचा. या कंपन्यांत अधिकृत साधनं नव्हती असं नाही. होती. पण माणूस सोपी वाट धरतो. अधिकृत वाट जेवढी अवघड कराल तेवढे लोक बांधावरून जातील.

मग २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं टीम्स आणलं. त्यात मूळ मांडणीच अशी की कुठल्याही कर्मचाऱ्याला नवी टीम काढता येते. वेगळा नियम लावला नाही तर एक सामान्य कर्मचारी अडीचशेपर्यंत ग्रुप काढू शकतो. आणि हे नुसत्या चॅटचे ग्रुप नव्हेत. एक टीम काढली की तिच्यामागे सामायिक मेलबॉक्स तयार होतो, शेअरपॉइंटची साइट तयार होते, फायलींची जागा, वहीची जागा तयार होते. आपण एक दार उघडलं असं वाटतं, प्रत्यक्षात अख्खा वाडा उभा राहतो.

त्यात आला मार्च २०२०. सगळं जग घरी बसलं. मायक्रोसॉफ्टनंच तेव्हा सांगितलं होतं की टीम्स रोज वापरणारे एका आठवड्यात १ कोटी २० लाखांनी वाढून ४ कोटी ४० लाख झाले. एप्रिलअखेर तो आकडा साडेसात कोटींवर गेला. जे काम व्हायला वर्षं लागायची ते पंधरा दिवसांत उरकावं लागलं. नियम ठरवायला कुणाला वेळ होता? म्हणाले, आधी चालू करा, शिस्त नंतर बघू. मलाही तो काळ आठवतो. आमच्या धंद्यातही तेव्हा रोज नवा ग्रुप निघत होता. करोना आकडे, करोना आकडे २, करोना अधिकृत. त्या घाईला मी नावं ठेवणार नाही. पण 'नंतर बघू'मधलं ते नंतर कधी आलंच नाही, हा खरा मुद्दा आहे.

कुणी म्हणेल, पडून राहिले ग्रुप तर बिघडलं काय? जागाच तर जाते. नाही हो, नुसती जागा जात नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये डिस्नेच्या स्लॅकमधला एक टेराबाईटहून जास्त मजकूर चोरांनी जगजाहीर केला. एका कर्मचाऱ्यानं स्वतःच्या संगणकावर एक फसवं सॉफ्टवेअर उतरवलं, त्यातून त्याचा पासवर्ड गेला. एका माणसाच्या किल्लीनं हजारो चॅनलची कुलपं उघडली. वर्षानुवर्षं साठलेल्या गप्पा, फायली, सगळं बाहेर. त्यानंतर डिस्नेनं स्लॅकच बंद करायचं ठरवलं. चोरी कुणाकडेही होऊ शकते. पण घरात किती सामान आहे आणि एका किल्लीनं किती खोल्या उघडतात, यावर चोरी केवढी ते ठरतं.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. ऑगस्ट २०२० मध्ये केपीएमजी या बड्या सल्लागार कंपनीत प्रशासकाला एका माणसापुरता चॅट जपण्याचा नियम काढायचा होता. चुकून तो बदल सगळ्यांना लागू झाला आणि सुमारे १ लाख ४५ हजार लोकांच्या टीम्सवरच्या चॅट पुसल्या गेल्या. परत आणता आल्या नाहीत. म्हणजे सगळी सूत्रं मध्यभागी एकाच हातात दिली तरी सुरक्षित असतं असं नाही. एक बोट चुकलं की गाव बुडतं.

आणि तिसरी गोष्ट आत्ताची. नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टचा कोपायलट हा एआय मदतनीस मोठ्या कंपन्यांना मिळू लागला. तुम्ही प्रश्न विचारा, तो तुमच्या कंपनीच्या फायली धुंडाळून उत्तर देतो. तुम्हाला जे बघायची परवानगी आहे तेवढंच तो बघतो. पण परवानगी कशाकशाची आहे हे तुम्हालाच कुठं माहीत असतं? चार वर्षांपूर्वी कुणीतरी 'सर्वांसाठी खुला' ठेवलेला ग्रुप, त्यात पगाराचा तक्ता. आजवर तो कुणाला दिसत नव्हता कारण कुणी तिथं जातच नव्हतं. आता एआय जातो. इतके दिवस अडगळीनं झाकलेलं एका प्रश्नात उजेडात येतं. भाचा म्हणाला, "मामा, आता कंपनीला जाग आलीय ती या भीतीनं."

मग उपाय काय? दार सताड उघडं ठेवलं तर पसारा, बंद केलं तर पळवाट. गेल्या पंधराएक वर्षांत काही कंपन्यांनी मधली वाट काढली. ती मला पटली, म्हणून सांगतो.

नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांना ॲमेझॉनवर हवे तेवढे सर्व्हर स्वतः घेता यायचे. कुणाची मंजुरी नको. पण मागून एक प्रोग्राम फिरायचा, त्याचं नाव 'जॅनिटर मंकी', म्हणजे झाडूवालं माकड. २०१३ मध्ये त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. बेवारस वाटणाऱ्या वस्तूवर तो आधी खूण करायचा, मालकाला मेल करायचा, मुदत द्यायचा, आणि मालक काही बोलला नाही तर ती काढून टाकायचा. स्पॉटिफायनं आपलं बॅकस्टेज नावाचं साधन मार्च २०२० मध्ये खुलं केलं. त्यात इंजिनिअर तयार साच्यातून नवी सेवा स्वतः उभी करतो, आणि प्रत्येक सेवेची एका वहीत नोंद होते, मालकाच्या नावासकट.

कार्यालयीन ग्रुपांचंही तसंच करता येतं. कर्मचाऱ्याला ग्रुप स्वतः काढू द्यायचा, पण एक छोटा फॉर्म भरून. ग्रुप कशासाठी? मालक कोण, आणि दुसरा मालक कोण? दोन यासाठी की एक सोडून गेला तर दुसरा असावा. मजकूर गोपनीय की खुला? बाहेरचे पाहुणे चालतील का? आणि संपणार कधी? नाव कसं असावं ते नियमच ठरवतो, खात्याचं नाव आपोआप पुढे लागतं, म्हणजे 'न्यू फायनल'ची भानगड कमी. फॉर्म भरला की पाच मिनिटांत ग्रुप तयार, कुणाच्या सहीसाठी थांबायला नको. मंजुरी लागते ती फक्त जोखमीच्या ठिकाणी, उदाहरणार्थ बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं असेल तर.

मुदत जवळ आली की मालकाला आठवण जाते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत ती ३० दिवस, १५ दिवस आणि १ दिवस आधी जाते. ग्रुप वापरात असेल तर मुदत आपोआप वाढते. नसेल आणि कुणी उत्तरही दिलं नाही तर ग्रुप पुसला जातो, तरी पुढचे ३० दिवस तो परत आणता येतो. कायद्यानं जपायचा मजकूर आधीच वेगळा जपण्याची सोय असते.

यात त्रुटी नाहीत असं नाही. आठवणीची मेल आली की लोक न वाचता 'चालू ठेवा' दाबतात, आपण मोबाइलवर अटी वाचल्यासारखं करतो तसं. एखाद्यानं चुकून ग्रुप उघडून बघितला तरी तो 'वापरात आहे' असं धरलं जातं. वर्षातून एकदाच लागणारा ताळेबंदाचा ग्रुप मेलेला वाटून जाऊ शकतो. म्हणून यंत्राच्या जोडीला माणूस लागतो. खात्यातला कुणीतरी, ज्याला काय जपायचं आणि काय टाकायचं हे कळतं. आणि त्या माणसाचं ते काम कामाच्या तासांत धरलं गेलं पाहिजे. फुकटची जबाबदारी कुणीही घेत नाही.

आता बघा, यात नवं काय आहे? १९८०च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या रेकॉर्डची जी लावणी केली ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. आजही आपल्या तहसीलमध्ये सहा गठ्ठा पद्धत ऐकायला मिळते. चालू प्रकरणं वेगळी, उत्तराची वाट बघणारी वेगळी, ठरावीक काळानं पाठवायची माहिती वेगळी, कायमचे आदेश वेगळे, रेकॉर्ड रूमला पाठवायचे कागद वेगळे आणि नष्ट करायचे वेगळे. यातला शेवटचा गठ्ठा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. कागद जन्माला येतानाच तो कधी मरणार हे ठरलेलं. अ वर्गाचा कायम, ड वर्गाचा थोड्याच काळात नष्ट. पद्धत कागदावर आहे, सगळीकडे पाळली जाते असं म्हणणार नाही, मी कचेऱ्यांमधले धुळीचे ढीग बघितलेत. पण विचार झालेला होता. कोट्यवधी डॉलरच्या कंपन्या आज त्याच विचारापाशी आल्यात.

आणि हे फक्त कंपन्यांचं नाही म्हणून ही पोस्ट. काल रात्री मी माझ्या फोनमधले व्हॉट्सॲप ग्रुप मोजले. ११२ निघाले. त्यातले आपत्ती सूचनांचेच चार. गेल्या पावसाळ्यात नदीला पाणी वाढल्याचा इशारा पडला तो जुन्या ग्रुपवर. त्या ग्रुपचे ॲडमिन बदली होऊन गेलेले, नदीकाठच्या वाडीतली निम्मी माणसं त्यात नव्हतीच, ती नव्या ग्रुपमध्ये होती. कुणाचा जीव गेला नाही, दोन गोठे आणि एक मोटर गेली. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, कारण चूक एकाची नाही. ग्रुप काढणारे आपण सगळे, बंद करणारा कोणी नाही.

भाच्याला ग्राहकाचा शेरा मिळाला, वाडीला गोठे गेले. कारण एकच.

म्हणून माझी साधी विनंती. गावाच्या, गल्लीच्या, कार्यालयाच्या ज्या ग्रुपचे तुम्ही ॲडमिन असाल, तो आज उघडा. दुसरा ॲडमिन नेमा. ग्रुप कशासाठी आहे ते माहितीत लिहा. काम संपलं असेल तर तसं सांगून, नव्या ग्रुपची लिंक देऊन, जुना बंद करा. पावसाळ्याच्या आधी हे झालं तर बरं. सुरुवात मी केलीय. 'करोना आकडे २' काल रात्री बंद केला. त्यात शेवटचा मेसेज होता तीन वर्षांपूर्वीचा, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा.

तुमच्याकडे किती ग्रुप आहेत आणि त्यातले किती बेवारस, खाली लिहा.